भारतात माणशी दूध चौपट झालं, मग ताटातलं प्रोटीन किती वाढलं?

सुपरमार्केटच्या फ्रीजसमोर उभं राहिलं की हल्ली एकच शब्द दिसतो, प्रोटीन. प्रोटीनवालं ताक, प्रोटीनवाली लस्सी, प्रोटीनवालं दही. इन्स्टाग्राम उघडलं की कुणीतरी पनीरचा तुकडा वजनकाट्यावर ठेवून त्यात किती ग्रॅम प्रोटीन आहे ते सांगत असतं.

दुसरीकडे भारत १९९८ च्या सुमारास अमेरिकेला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा दूध उत्पादक देश झाला. ती जागा आजवर कायम आहे. जगातलं जवळपास एक चतुर्थांश दूध एकट्या भारतात तयार होतं.

मग एवढं दूध असताना भारतीयांना प्रोटीन कमी पडतं, अशी चर्चा का होते? गेल्या साठ-सत्तर वर्षांत दुधातून मिळणारं प्रोटीन नक्की किती वाढलं? आणि ते वाढत असताना ताटातून काय कमी झालं? आकडे घेऊन नीट समजून घेऊ.

आधी आकडा कसा वाचायचा ते पाहू

सरकार दरवर्षी दुधाची 'दरडोई उपलब्धता' जाहीर करतं. म्हणजे देशात तयार झालेल्या दुधाला लोकसंख्येने भागायचं आणि रोज प्रत्येकाच्या वाट्याला किती ग्रॅम येतं ते काढायचं. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९३ कोटी टन दूध तयार झालं आणि ही उपलब्धता रोज ४७१ ग्रॅम होती.

आता प्रोटीनकडे येऊ. १०० ग्रॅम गायीच्या दुधात साधारण ३.२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हशीच्या दुधात ३.६ ग्रॅमच्या आसपास. भारतात गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध मोठ्या प्रमाणात येत असल्याने १०० ग्रॅमला सरासरी ३.४ ग्रॅम धरायला हरकत नाही. त्या हिशोबाने ४७१ ग्रॅम दुधातून रोज साधारण १६ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं.

इथे 'मिळायला हवं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हा देशभरातल्या दुधाला माणसांनी भागून आलेला आकडा आहे. प्रत्येकाच्या पेल्यात तेवढं दूध पडतंच असं नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं दूध कमी होत गेलं

१९५०-५१ मध्ये देशात १.७ कोटी टन दूध तयार व्हायचं आणि माणशी रोज साधारण १३० ग्रॅम वाट्याला यायचं. १९६०-६१ मध्ये हा आकडा १२६ ग्रॅमवर आला आणि १९७० च्या आसपास ११० ग्रॅमवर घसरला. दूध थोडंफार वाढत होतं, पण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढत होती.

याच काळात शहरांना दूध पुरवण्याचे प्रयोग सुरू झाले. मुंबईत गुरांचे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. तिथले दुग्धविकास आयुक्त दारा खुरोडी यांनी 'टोन्ड' दुधाची कल्पना रुजवली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची भुकटी मिसळायची. फॅट कमी होतं, किंमत कमी होते, पण भुकटीमुळे प्रोटीन टिकून राहतं. गरिबाला परवडेल असं दूध तयार करण्याची ही युक्ती होती. आज पिशवीवर दिसणारा 'टोन्ड' हा शब्द तिथून आला.

दुसरा प्रयोग गुजरातमधल्या आणंदला सुरू होता. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं दूध मुंबईला जायचं, पण भाव व्यापारी ठरवायचे. त्याविरोधात शेतकऱ्यांनी संप केला आणि डिसेंबर १९४६ मध्ये त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे नेते होते. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथे आले. पुढे हाच संघ 'अमूल' नावाने ओळखला गेला.

तेव्हा एक मोठी अडचण होती. हिवाळ्यात दूध भरपूर यायचं आणि उन्हाळ्यात आटायचं. जास्तीच्या दुधाची भुकटी करून ठेवता आली तर प्रश्न सुटणार होता. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. आणंदमधले तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये तिथल्या भुकटी प्रकल्पाचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. दुधातलं प्रोटीन हिवाळ्यातून उन्हाळ्यापर्यंत टिकवणं आता शक्य झालं होतं.

ऑपरेशन फ्लडने काय बदललं?

१९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला गेले. हेच मॉडेल देशभर न्यायचं ठरलं आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं आणि तीन टप्प्यांत १९९६ पर्यंत चाललं.

योजनेची युक्ती साधी होती. युरोपात तेव्हा दुधाची भुकटी आणि बटर ऑइलचे ढीग साचले होते. ते जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला मदत म्हणून मिळाले. ते फुकट वाटून टाकले असते तर देशातल्या दुधाचे भाव पडले असते. म्हणून त्यापासून दूध तयार करून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत विकण्यात आलं. त्यातून आलेल्या पैशातून गावोगावी संकलन केंद्रं, शीतकरण केंद्रं आणि डेअऱ्या उभ्या राहिल्या.

गावातल्या दुधाला रोजचं, खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर जायचं आणि ठरलेल्या दिवशी पगार घ्यायचा, हा दिनक्रम लाखो घरांत सुरू झाला. खात्रीने पैसे येतात म्हटल्यावर शेतकरी जनावरावर खर्च करू लागला. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गायी आणि दारात येऊन कृत्रिम रेतन ही सेवा गावोगावी नेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांत जर्सी आणि एचएफ गायी दिसू लागल्या त्या याच वाटेने.

परिणाम आकड्यांत दिसतो. माणशी रोजची उपलब्धता १९८०-८१ मध्ये १२८ ग्रॅम, १९९०-९१ मध्ये १७६ ग्रॅम, २०००-०१ मध्ये सुमारे २२० ग्रॅम आणि २०१०-११ मध्ये २८१ ग्रॅम झाली. पुढच्या तेरा वर्षांत ती ४७१ वर गेली. १९७० च्या तुलनेत ही चौपटीहून जास्त वाढ आहे आणि तीही लोकसंख्या अडीच पटींच्या आसपास वाढलेली असताना.

पण तेव्हाच डाळीचं काय झालं?

बहुतेक लेख दुधाच्या वाढीपाशी थांबतात. पण भारतीय ताटात प्रोटीनचा जुना आधार डाळ हा होता. वरण, आमटी, पिठलं, उसळ हे पदार्थ रोजच्या जेवणात होते. त्या डाळीची माणशी रोजची उपलब्धता १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती. १९७१ मध्ये ती ५१.२, १९८१ मध्ये ३७.५, १९९१ मध्ये ४१.६ आणि २००१ मध्ये ३० ग्रॅम झाली. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी!

डाळीत साधारण २२ टक्के प्रोटीन असतं. त्यावरून दूध आणि डाळ यांचा एकत्र ढोबळ हिशोब मांडला तर चित्र असं दिसतं (माणशी, रोज):

• १९६१ : डाळीतून १५.२ ग्रॅम, दुधातून ४.३ ग्रॅम, एकूण सुमारे १९.५ ग्रॅम
• १९७१ : डाळीतून ११.३ ग्रॅम, दुधातून ३.७ ग्रॅम, एकूण सुमारे १५ ग्रॅम
• १९८१ : डाळीतून ८.३ ग्रॅम, दुधातून ४.४ ग्रॅम, एकूण सुमारे १२.७ ग्रॅम
• १९९१ : डाळीतून ९.२ ग्रॅम, दुधातून ६ ग्रॅम, एकूण सुमारे १५ ग्रॅम
• २००१ : डाळीतून ६.६ ग्रॅम, दुधातून ७.५ ग्रॅम, एकूण सुमारे १४ ग्रॅम
• २०११ : डाळीतून ९.५ ग्रॅम, दुधातून ९.६ ग्रॅम, एकूण सुमारे १९ ग्रॅम

म्हणजे डाळ आणि दूध मिळून १९६१ मध्ये जेवढं प्रोटीन उपलब्ध होतं, तिथे परत पोहोचायला देशाला पन्नास वर्षं लागली. धवलक्रांतीने आणलेल्या प्रोटीनचा मोठा भाग डाळीने सोडलेला खड्डा भरण्यात गेला.

डाळ मागे का पडली?

१९६०-६१ मध्ये देशात १.२७ कोटी टन डाळी पिकायच्या. २०००-०१ मध्ये पिकल्या १.११ कोटी टन. मधल्या काळात लोकसंख्या ४४ कोटींवरून १०३ कोटींपर्यंत गेली होती.

हरितक्रांतीत गहू आणि भाताला पाणी, सुधारित बियाणं, खत आणि हमीभावाने खात्रीची सरकारी खरेदी मिळाली. डाळी मात्र कोरडवाहू जमिनीवर ढकलल्या गेल्या. पाऊस आला तर पीक, नाहीतर नाही. शेतकऱ्याने खात्रीचं पीक निवडलं, यात त्याचं काही चुकलं नाही.

गंमत म्हणजे गहू-भाताच्या याच वाढीतून भुसा आणि पेंढा वाढला आणि तो जनावरांच्या पोटात गेला. एका अर्थाने डाळीच्या जागी आलेल्या पिकांनी दुधालाही हातभार लावला. २०१० नंतर डाळींचं उत्पादन पुन्हा वाढलं, तरी आजही भारताला तूर आणि मसूर बाहेरून आणावी लागते.

दूध वाढलं, पण पोहोचलं कुणापर्यंत?

आता सुरुवातीच्या 'मिळायला हवं' या शब्दांकडे परत येऊ. २०११-१२ मध्ये सरकारी हिशोबाने माणशी रोज सुमारे २९० ग्रॅम दूध उपलब्ध होतं. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने घरोघरी जाऊन विचारलं, तेव्हा ग्रामीण भागात माणशी महिन्याला ४.३३ लिटर आणि शहरात ५.४२ लिटर दूध वापरलं जात असल्याचं दिसलं. म्हणजे गावात रोज साधारण १४५ मिलिलिटर आणि शहरात १८०.

हा फरक का पडतो? काही दूध हॉटेलात, मिठाईत, टपरीवरच्या चहात जातं. दही, तूप, पनीर या पाहणीत वेगळं मोजलं जातं. काही दूध वासरू पितं, काही वाया जातं. तरीही उपलब्ध दूध आणि घरातलं दूध यांत मोठी दरी आहे हे खरं. शिवाय हीसुद्धा सरासरीच आहे. गरीब आणि श्रीमंत घरांच्या दुधात कित्येक पटींचा फरक असतो.

राज्याराज्यांतही तेच. पंजाबमध्ये माणशी रोज १,२०० ग्रॅमपेक्षा जास्त दूध उपलब्ध आहे, तर आसाममध्ये १०० ग्रॅमही नाही. महाराष्ट्र दूध उत्पादनात देशात पाचवा आहे, पण देशाच्या दुधात वाटा ६.७१ टक्के आणि लोकसंख्येत वाटा सुमारे ९ टक्के. साहजिकच आपली दरडोई उपलब्धता देशाच्या सरासरीपेक्षा कमी येते.

आणखी एक बदल आकड्यांत दिसत नाही. पूर्वी गावात दूध विकण्यापेक्षा त्याचं लोणी काढून तूप करण्याची पद्धत जास्त होती. तुपात फॅट जातं, प्रोटीन मात्र ताकात राहतं. ते ताक शेजारीपाजारी, शेतात कामाला येणाऱ्यांना फुकट मिळायचं. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण आली तीच मुळी या सवयीतून. डेअरी आली आणि दुधासोबत ताकही गावाबाहेर गेलं. जनावर असलेल्या घरात पैसा आला, पण ज्यांच्याकडे जनावर नव्हतं त्यांचा फुकटचा पेला गेला. ऑपरेशन फ्लड सुरू असतानाच त्याच्या टीकाकारांनी हा मुद्दा मांडला होता: दूध गावातून शहराकडे जातंय, गरिबाच्या पोटाचं काय?

त्याचं दुसरं टोकही लक्षात घ्यायला हवं. दुधाच्या पगारातून अनेक घरांनी धान्य घेतलं, पोरांची फी भरली. भूमिहीन आणि अल्पभूधारक बायकांच्या हातात नियमित पैसा येण्याचं दुसरं साधन क्वचितच होतं.

शेतकऱ्याला प्रोटीनचे पैसे मिळतात का?

थेट नाही. डेअरीवर दूध घातलं की 'फॅट' आणि 'एसएनएफ' मोजलं जातं. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरणारा घन भाग. प्रोटीन याच भागात असतं, सोबत दुधातली साखर आणि क्षार. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याखाली एक पॉइंट गेला की दर कापला जातो. 'डिग्री बसली नाही' हे वाक्य ऐकलं नाही असा दूध उत्पादक सापडणं कठीण.

घन भागाची भुकटी होते, म्हणून भुकटीचा भाव पडला की गायीच्या दुधाचा दर पडतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात नेमकं हेच झालं. सरकारला आधी लिटरमागे ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. बाजारात प्रोटीनचं नाव लावून पदार्थ महाग विकले जात असताना, त्या प्रोटीनचा कच्चा माल देणारा शेतकरी दरासाठी रस्त्यावर दूध ओतत होता.

आज ताटात किती प्रोटीन आहे?

२०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण भागात माणशी रोज सुमारे ६२ ग्रॅम आणि शहरात सुमारे ६३ ग्रॅम प्रोटीन घेतलं जातं. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला रोज ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम लागतं. मग कमतरता कुठे आहे?

कमतरता दर्जात आहे. ग्रामीण भागात अजूनही जवळपास निम्मं प्रोटीन गहू, तांदूळ, ज्वारी-बाजरी अशा धान्यांतून येतं. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो. डाळीत आणि दुधात तो भरपूर असतो. म्हणून वरण-भात किंवा दूध-भाकरी एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. अंडी, मासे, मटण न खाणाऱ्या घरांत तर डाळ आणि दूध हेच दोन आधार उरतात. २०११-१२ च्या पाहणीत एकूण प्रोटीनपैकी १० ते १२ टक्केच दूध आणि दुधाच्या पदार्थांतून आलं होतं.

घराच्या खर्चात मात्र दुधाने मोठी जागा घेतली आहे. २०२२-२३ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातला ८.३३ टक्के दुधावर होता आणि धान्यावर ४.९१ टक्के. रेशनमुळे धान्याचा खर्च कमी दिसतो, हे खरं. पण दुधाला अशी कुठलीच सोय नाही. म्हणूनच दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की आधी मुलांचा पेला अर्धा होतो आणि चहा तसाच राहतो.

घरी काय लक्षात ठेवायचं?

• फॅट कमी म्हणजे प्रोटीन कमी, हा गैरसमज आहे. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असतं, डबल टोन्डमध्ये फॅट १.५ आणि एसएनएफ ९ टक्के. बजेट कमी असेल तर स्वस्त पिशवीतही प्रोटीन जवळपास तेवढंच मिळतं.
• चहातलं दूध हिशोबात मोठं धरू नका. एका कपात ५० मिलिलिटर दूध पडलं तर प्रोटीन दोन ग्रॅमपेक्षा कमी.
• तुपात प्रोटीन जवळपास नसतंच. ते दह्यात, ताकात आणि पनीरमध्ये असतं.
• पनीर करताना उरलेलं पाणी फेकू नका. जिममध्ये मिळणारं 'व्हे' प्रोटीन याच प्रकारच्या पाण्यापासून तयार होतं. कणीक मळायला किंवा आमटीत ते सहज वापरता येतं.
• आयसीएमआरच्या २०२४ च्या आदर्श ताटात दिवसाला ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे आणि सोबत ८५ ग्रॅम डाळी किंवा कडधान्यं. म्हणजे दोन्ही हवं. एक वाढवून दुसरं सोडायचं नाही.

पुढे काय?

दूध उत्पादनवाढीचा वेग थोडा मंदावला आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांत तो ४ टक्क्यांच्या खाली होता. सहकारी संस्थांचं दूध संकलन पाच वर्षांत ५० टक्क्यांनी वाढवण्याचं लक्ष्य केंद्र सरकारने ठेवलं आहे.

पण संकलन वाढणं आणि दूध मुलांपर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकने २०१३ मध्ये 'क्षीर भाग्य' योजनेतून शाळेतल्या मुलांना १५० मिलिलिटर दूध द्यायला सुरुवात केली. जास्तीच्या दुधाची भुकटी वापरली गेली आणि प्रत्येक पेल्यातून मुलाला साधारण ५ ग्रॅम चांगल्या दर्जाचं प्रोटीन मिळालं. १९६१ मध्ये सरासरी भारतीयाला दिवसभरात दुधातून मिळायचं त्याहून हे जास्त आहे.

भारताने दूध वाढवून दाखवलंय. आता ते ज्या घरात विकत घेणं जमत नाही त्या घरातल्या मुलापर्यंत नेणं आणि वरण पुन्हा दाट करणं, हे काम बाकी आहे.